श्रद्धांजलीचा बोर्ड छापायच्या आधी

मंगळवार पेठेत माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, गणपती, सगळं छापतो. पण एखादा नट गेल्याची बातमी फिरायला लागली की तालमीच्या पोरांचा फोन ठरलेला: "दादा, सहा बाय चार. उजाडायच्या आत चौकात लागला पायजे." शेजारच्या तालमीचा बोर्ड आधी लागला तर यांना घास गोड लागत नाही. अशा घाईत काय करायचं ते सांगतो. बोर्ड असो की स्टेटस, रीत तीच.

आधी बघा, गेला असं म्हणतंय कोण. चॅनेल "सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार" म्हणत असेल तर डिझाईन करून ठेवा, मशीनवर टाकू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात दवाखान्यात होते, तेव्हा ते गेल्याचं देशभर पसरलं. हिंदीतल्या नामवंतांनीही श्रद्धांजली वाहून टाकली. शेवटी घरच्यांनाच सांगावं लागलं, प्रकृती गंभीर आहे, पण ते आहेत. निधन झालं २६ तारखेला. धर्मेंद्र यांचंही तेच. ११ नोव्हेंबर २०२५ ला हेमामालिनींनी चॅनेलवाल्यांना जाहीर झापलं. ते गेले २४ ला.

म्हणून मी घरच्या माणसाचा शब्द किंवा दवाखान्याचं निवेदन मागतो. कलाकाराच्या खात्यावरची पोस्ट एकटी चालत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडेच्या इन्स्टाग्रामवरच तिच्या निधनाची पोस्ट पडली आणि दुसऱ्या दिवशी बाई व्हिडिओत हजर. म्हणे, कॅन्सरची जनजागृती!

आता मजकूर. पोरांना "हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने" हे शब्द फार आवडतात, ते आधी काढा. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रीदेवी दुबईत गेल्या तेव्हा सगळीकडे हृदयविकारच चालला होता. दोन दिवसांनी तिथल्या फॉरेन्सिक अहवालात आलं, अपघातानं बुडून मृत्यू. मग चॅनेलवर बाथटबची चित्रं, लांबीरुंदी, कोण केव्हा खोलीत गेलं. दुबईच्या सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केलं तरी इथल्या कट्ट्यावर चहाबरोबर तपास सुरूच. बोर्डावर नाव, जन्म, निधनाची तारीख एवढं बास.

माणसानं जीव दिला असेल तर जास्त जपा. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला. चॅनेलांनी रोज संध्याकाळी कोर्ट भरवलं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यावर कान उपटले: अशा खटल्यांनी खऱ्या न्यायात अडथळा येतो, मृताचं चारित्र्य दुबळं म्हणून रंगवू नका. सीबीआयचा तपास बंद करायचा अहवाल यायला मार्च २०२५ उजाडला; आमच्या गल्लीचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता. कसं केलं, चिठ्ठीत काय होतं, हे ग्रुपवर आलं तर ॲडमिननं उडवावं आणि त्या जागी १४४१६ टाकावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, चोवीस तास चालतो. ग्रुपमध्ये कुणाच्या डोक्यात काय चाललंय, आपल्याला कळत नसतं.

"मेलेला माणूस कुठं केस करतोय?" असं म्हणणारा एक तरी असतोच. घरच्यांना दुखवायच्या हेतूनं केलेली मृताची बदनामीही कायद्यात गुन्हा ठरू शकते, हे त्याला सांगून ठेवा.

फोटो सिनेमातला किंवा समारंभातला घ्या. नाकात नळी असलेला, स्मशानातला, रडणाऱ्या पोराबाळांचा फोटो कुणी पाठवला तर मी फाईल उघडतच नाही. कितीही जुनं गिऱ्हाईक असू दे.

राहिले खालचे 'शोकाकुल'. गेलेल्या माणसाचा चेहरा बशीएवढा आणि वर्गणीवाल्यांचे ताटाएवढे, असलं प्रूफ मी पास करत नाही. चेहरे द्यायचेच असतील तर एका ओळीत मावतील तेवढेच, आणि मर्दा, गॉगल काढून काढलेला फोटो पाठव.