उद्या नेव्हिगेशनवर (कॅमेरा आणि कॉम्प्युटरच्या मदतीनं) टीकेआर, म्हणजे गुडघा बदलण्याचं ऑपरेशन आहे, तर आज काय बघायचं

आधी स्कॅनोग्राम, म्हणजे अख्ख्या पायाचा एक्स-रे, हातात घ्या. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, पेशंटला उभं करून काढलेला, आणि गुडघ्याची वाटी समोर असलेला. आमच्या लातूरकडच्या मावश्या वर्षानुवर्षं रानात बसून खुरपलेल्या, गुडघा सरळ होत नाही. एक्स-रेवाला ‘पाय जोडा’ म्हणाला की त्या पावलं जुळवतात आणि वाटी वळते बाहेर. त्या फिल्मवर मोजलेला पायाच्या वाकडेपणाचा अंश खोटा. पुन्हा काढायला लावा, कुरकुर ऐकून घ्या. फिल्मवर मांडीचं हाड बाकदार दिसतंय का, जुना रॉड आहे का, तेही कागदावर उतरवा. खुबा आजच गोल फिरवून बघा, कारण मशीन खुब्याचं केंद्र त्या फिरण्यातूनच काढतं. उद्या फिरवताना कंबर हलली तर केंद्र सरकलंच.

खरी गोम पॉइंट घेण्यात, म्हणजे प्रोबचं टोक हाडाच्या खुणांवर टेकवून मशीनला जागा दाखवण्यात आहे. नडगी ३५ सेंमी धरली तर घोट्यापाशी ६ मिमी चुकल्यावर कुठं १ अंश जातो. पण मांडीच्या हाडाचे दोन्ही बाजूंचे एपिकोंडाइल (गुडघ्यापाशी हाडाला असलेले फुगवटे) जेमतेम ८ सेंमी अंतरावर. तिथं ३ मिमी चुकले की रोटेशनचे (आत-बाहेर वळण्याचे) २ अंश गेले. स्क्रीनवर मात्र दशांशासकट आकडा झळकतो आणि सगळे माना डोलावतात! म्हणून तिथं घाई नको. घोट्यावर जाड पट्टी गुंडाळू नका, दोन्ही उंचवटे बोटाला नीट लागले पाहिजेत.

ट्रॅकरचे (पिनांनी हाडाला बसवायच्या, कॅमेऱ्यानं टिपायच्या खुणेचे) चमकते गोळे मोजून ठेवा, जादाचे काही असू द्या. रक्ताचा एक शिंतोडा उडाला तरी कॅमेरा गोंधळतो, तेव्हा ओलं-कोरडं गॉज सिस्टरच्या हाताशी हवं. कॅमेरा आणि ट्रॅकरच्या मधे असिस्टंटचं डोकं येणार नाही अशी जागा आजच ठरवा. पिना कटिंग ब्लॉकच्या (करवतीला दिशा देणाऱ्या ठोकळ्याच्या) वाटेत नकोत, आणि ठिसूळ हाडात एकाच जागी दोनदा ड्रिल नकोच. हाडावर एक खुणेचा पॉइंट घेऊन ठेवा. ट्रॅकरला धक्का लागला की आधी तो तपासायचा.

सॉ ब्लेड नवं. घट्ट हाडात जुनं पातं वाकतं. ब्लॉक बरोबर असूनही कट तिरका जातो. म्हणून प्रत्येक कटावर प्रोब टेकवा, नवा सांधा बसवायचं सिमेंट घट्ट होताना पुन्हा एकदा. यूपीएस चार्ज, मशीन बंद पडलं तर म्हणून साधा जिगचा (मशीनशिवाय मोजून कापायच्या साधनांचा) सेटही ऑटोक्लेव्ह करून तयार.

नातेवाइकांना पिनांच्या भोकांचं आजच सांगा. नाहीतर ड्रेसिंग सुटल्यावर ‘हे भोक कशाचं?’ म्हणत वॉर्डात सिस्टरला घेरतात.