ग्रॅम स्टेनिंग: रंग कुठे चुकतो?

ग्रॅम स्टेनिंग म्हणजे रंग देऊन जिवाणूंचे दोन गट ओळखणं: ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे, ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी. ग्रॅम पॉझिटिव्ह असलेला स्टॅफिलोकोकस गुलाबी दिसला की संशय आधी रंगांच्या बाटल्यांवर जातो. पण चूक बहुतेक वेळा अल्कोहोलच्या दहा-पंधरा सेकंदांत झालेली असते.

क्रिस्टल व्हायोलेट (जांभळा रंग) १ मिनिट, आयोडीन १ मिनिट. इथवर सगळेच जिवाणू जांभळे असतात. फरक पडतो तो ९५ टक्के अल्कोहोलने. ग्रॅम पॉझिटिव्ह पेशीची पेप्टिडोग्लायकनची (साखर आणि अमिनो आम्लांच्या जाळीची) भिंत जाड असते. अल्कोहोलने तिच्यातलं पाणी निघतं, ती आवळते आणि रंग-आयोडीनचे कण आत अडकतात. ग्रॅम निगेटिव्हचं बाहेरचं मेदयुक्त आवरण अल्कोहोलमुळे विरतं, आतली पातळ भिंत रंग धरू शकत नाही. मग सॅफ्रानिन (३० ते ६० सेकंद) तिला गुलाबी करतं.

अल्कोहोल जास्त झालं तर जाड भिंतीतूनही रंग सुटतो, कमी पडलं तर ग्रॅम निगेटिव्ह ई. कोलायही जांभळा राहतो. स्लाइड तिरपी धरून थेंब-थेंब सोडा. ओघळात जांभळी झाक दिसेनाशी झाली की त्याच क्षणी पाण्याने धुवा. अल्कोहोलमध्ये अ‍ॅसिटोन असेल तर दोन-तीन सेकंदही पुरतात.

स्मिअर (स्लाइडवर पसरलेला जिवाणूंचा थर) जाड असेल तर घड्याळ लावूनही उपयोग नाही, कारण गठ्ठ्यांच्या आतपर्यंत अल्कोहोल नीट पोचत नाही. कॉलनीला (जिवाणूंच्या वाढलेल्या ठिपक्याला) लूप (तारेचं कडं) फक्त टेकवा. वाळलेल्या स्मिअरमधून खालच्या वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली पाहिजेत. ज्योतीवरून स्लाइड दोन-तीनदा झटकन फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला टेकवून चटका बसला तर ती जास्त तापली. अशा उष्णतेने भिंती फुटतात आणि पॉझिटिव्ह पेशी निगेटिव्ह दिसतात.

शिळं कल्चर (वाढवलेले जिवाणू) तर हमखास फसवतं. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम म्हातारे झाले की रंग सोडतात. १८ ते २४ तासांचंच कल्चर घ्या. आयोडीन फिकट पडलं असेल तर टाकून द्या.

प्रत्येक स्लाइडवर एका कडेला स्टॅफिलोकोकस ऑरियस, दुसऱ्या कडेला ई. कोलाय लावाच. हा कंट्रोल (तुलनेचा नमुना) चुकला असेल तर मधल्या नमुन्याचा निकाल लिहू नका.

तरीही शंका राहिली तर ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात कॉलनी घोटा आणि मिनिटाभरात लूप हळूच वर उचला. ग्रॅम निगेटिव्हची भिंत फुटून डीएनए बाहेर येतो आणि पाकासारखी तार सुटते. ग्रॅम पॉझिटिव्हची सहसा सुटत नाही.