वीजबिल कमी करायला निघालात? आधी या चुका टाळा

दोन उन्हाळ्यांपूर्वी एप्रिलचं बिल पाहून मी तिरीमिरीत बाजारात गेलो आणि घरातले सगळे दिवे बदलले. बारा एलईडी, अगदी संडासातल्या दिव्यासकट. मेच्या बिलात फरक शोधायला भिंग घ्यावं लागलं असतं. संडासातला दिवा दिवसाला जेमतेम अर्धा तास लागतो. आणि गच्चीखालच्या खोलीत दीड टनाचा एसी रात्रभर धापा टाकत होता, त्याच्याकडे मी पाहिलंही नव्हतं.

म्हणून पहिली चूक हीच: हिशेब न करता खरेदी. १००० वॅटचं उपकरण तासभर चाललं की १ युनिट. ९ वॅटचा दिवा १ युनिट जाळायला १११ तास घेतो, २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात उरकतो. वही घेऊन घरातल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि रोजचे तास लिहा. काय बदलायचं ते वहीच सांगेल.

स्लॅबची धास्ती

‘३०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वरच्या दराने लागतं’ हे आमच्या सोसायटीत निम्मे लोक शपथेवर सांगतात. तसं नसतं. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटवर टप्पे आहेत, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्याच्या पुढच्या युनिटांना लागतो. मात्र १०१ व्या युनिटापासून दर पहिल्या शंभराच्या जवळपास दुप्पट होतो, म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. तुमचा वापर ३३० असेल, तर वरचे ३० हाच तुमचा शिकारीचा टापू.

एसी, आणि त्याच्या डोक्यावरचा स्लॅब

आम्ही नागपूरचे, वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री अकरालाही छताला हात लावला तर गरम लागतं. अशा खोलीत ताशी दीड युनिट खाणारा एसी आणून ‘हा थंड करत नाही’ म्हणणं म्हणजे चुलीवर ठेवलेल्या पातेल्यात बर्फ टाकण्यासारखं. उष्णता बाहेरच अडवायला हवी. गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग द्या, ऐपतीप्रमाणे चुना दिलात तरी चालेल. फक्त तो दर वर्षी द्यावा लागतो. इथेही लोक फसतात: भेगा न बुजवता, धूळ न झाडता रंग फासतात आणि पहिल्याच पावसात पोपडे येतात. आधी गच्ची घासून धुवा, भेगा बुजवा, पूर्ण वाळू द्या, मगच रंग. पश्चिमेच्या खिडकीचंही तेच. आतून जाड पडदा लावला तरी ऊन काचेतून घरात आलेलंच असतं. बांबूचा चिक किंवा हिरवी जाळी बाहेरून लावा.

१८ अंशांवर ठेवला की खोली लवकर गार होते, हा आणखी एक समज. साध्या एसीत कॉम्प्रेसर त्याच ताकदीने चालतो, फक्त बंद व्हायचं नाव घेत नाही. तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. २५-२६ वर ठेवून वर पंखा लावा. नवा घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवरचं वर्ष बघा. निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेला जुना ‘पाच तारे’ आजच्या निकषांवर पाचात बसेलच असं नाही. आणि लेबलवरचा वार्षिक वापर १६०० तास धरून काढलेला असतो; तुमचा एसी किती तास चालतो ते तुम्हालाच ठाऊक.

कूलरबद्दल एवढंच, की खिडकी बंद करून तो चालवू नका. पुण्याचे मेहुणे आले तेव्हा ‘गारवा बाहेर जातो’ म्हणून सगळं बंद करून झोपले आणि पहाटे ओल्या उशीसकट बाहेर आले. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. आणि कूलर-एसी एकदम लावलात तर कूलरने सोडलेली वाफ एसीला पुन्हा पाणी करून काढावी लागते.

पंखा, गिझर, फ्रीज

जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) ३० वॅटच्या. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. पण पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलून काय मिळणार? हॉल आणि झोपायच्या खोलीपासून सुरुवात करा. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून घ्या, बीएलडीसीला तो चालत नाही.

१५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. दिवसभर सुरू ठेवलेला गिझर हेच पाणी थोडं थोडं निवू देतो आणि पुन्हा तापवत बसतो. बोअरचं पाणी असेल आणि पाणी तापायला पूर्वीपेक्षा वेळ लागत असेल, तर कॉइलवर क्षाराचा थर बसलाय; नवा घेण्याआधी तो साफ करून घ्या. मेहुण्यांकडे तर सोलर वॉटर हीटरचा विजेवरचा बॅकअप वर्षभर चालू होता. टाकीतलं पाणी पहाटेच तापलेलं, मग सूर्याने काय करायचं?

फ्रीजच्या दारात नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर बदला.

सोलर घाईने नको

पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, म्हणून लोक आजच्या बिलावरून आकार ठरवतात. आधी घरातला वापर खाली आणा, कदाचित २ किलोवॅटमध्येच भागेल. १ किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो. पाण्याच्या टाकीची सावली पॅनेलवर दुपारी कुठे पडते, ते बसवण्याआधी हिवाळ्यातल्या एखाद्या दिवशी गच्चीवर जाऊन बघा. हिवाळ्यात सावल्या लांबतात. बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की बंद पडते. तो बिघाड नव्हे. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून केलेली सोय आहे. आणि नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, बसेपर्यंत यंत्रणा सुरू करू नका. अनेक साधे मीटर बाहेर गेलेली वीजही वापरलेली म्हणूनच मोजतात.

एवढं करूनही बिल फुगलेलंच असेल, तर घरातला मुख्य स्विच बंद करून मीटरजवळ पाच मिनिटं उभे राहा. वापर मोजणारा लाल दिवा तरीही लुकलुकत असेल, तर मीटर आणि स्विच यांच्यामध्ये कुठेतरी वीज जातेय. गळती, नाहीतर कुणीतरी तिथून जोडलेली वायर. त्या वायरिंगला स्वतः हात लावू नका. महावितरणकडे लेखी तक्रार द्या आणि त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो जपून ठेवा.