घरी बांधलेल्या विमानाचे उपकरण-पॅनेल: खरेदीआधीचे नियोजन

अमेरिकेत ज्या विमानाच्या बांधणीचे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तींनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असते, ते विमान एफएएकडे (तेथील नागरी विमान-वाहतूक नियामक संस्थेकडे) ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणजे प्रायोगिक वर्गात नोंदवता येते. या वर्गातील सवलतींपैकी सर्वांत मोहात पाडणारी सवलत उपकरण-पॅनेलची असते. कारखान्यातून प्रमाणित होऊन आलेल्या विमानात एखादे उपकरण बदलायचे म्हटले तरी मंजूर भाग आणि त्यांची कागदपत्रे लागतात. येथे मात्र अॅल्युमिनियमचा कोरा पत्रा समोर असतो आणि त्यावर काय बसवायचे हे बहुतांशी आपणच ठरवायचे असते. मराठी वाचकांना घरी विमान बांधण्याची कल्पना कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे परिचित आहे. मुंबईतील कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेले त्यांचे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले होते. या लेखातील नियम मात्र अमेरिकेतील आहेत आणि उदाहरणासाठी व्हॅन्स कंपनीच्या किटपासून बनणारे आरव्ही-७ हे दोन आसनी विमान घेतले आहे, कारण असा गॅरेजमधला प्रकल्प हाती घेणारे मराठी वाचक बहुधा तिकडचेच असतील.

अमेरिकेतील ऑशकॉश येथे दरवर्षी जुलैअखेर भरणाऱ्या एअरव्हेंचर या विमानप्रेमींच्या मेळाव्यात चकाकते स्क्रीन पाहून यादी करायची आणि मग ती पत्र्यावर कशीबशी बसवायची, हा क्रम उलटा आहे. आधी आपण कोणती उड्डाणे करणार हे ठरवावे, नंतर त्या उड्डाणांत काय बंद पडू शकते हे पाहावे, त्यानंतर हात आणि नजर कोठे पोहोचते ते मोजावे, आणि खरेदी शक्य तितकी शेवटी करावी. विमान पूर्ण होण्यास अनेक वर्षे लागतात; पंख तयार होत असताना विकत घेतलेला स्क्रीन पहिल्या उड्डाणापर्यंत जुना झालेला असतो आणि त्याची वॉरंटीही खोक्यातच संपलेली असते.

उड्डाण कसले?

एका कागदावर स्पष्ट लिहावे: फक्त दिवसा आणि स्वच्छ हवामानात उडायचे आहे, रात्रीही उडायचे आहे, की ढगांतून उपकरणांच्या आधारे जायचे आहे. एफएएच्या नियमावलीतील ९१.२०५ हे कलम प्रमाणित विमानांसाठी लिहिलेले असले, तरी दिवसाच्या उड्डाणासाठी किमान काय असावे याची त्यातील यादी शहाणपणाची आहे: वेगमापक, उंचीमापक, चुंबकीय कंपास, टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारे), ऑइलचा दाब आणि तापमान, प्रत्येक टाकीतील इंधनाची पातळी, आणि चाके आत ओढली जाणारी असतील तर त्यांची स्थिती दाखवणारे उपकरण. रात्री किंवा आयएफआर (म्हणजे उपकरणांच्या आधारे) उडायचे असेल, तर हौशी विमानाच्या संचालन-मर्यादांचा कागद सहसा याच कलमाकडे बोट दाखवतो, म्हणजे तेव्हा ही यादी निव्वळ सल्ला राहत नाही. १ जानेवारी २०२० पासून गर्दीच्या हवाईक्षेत्रांत एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाचे स्थान आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा, सक्तीची आहे. त्यामुळे ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख कळवणारे उपकरण) आणि त्याला लागणारा जीपीएस यांची जागा सुरुवातीसच धरावी. प्रवाशांसाठीची सूचनापट्टी आणि ‘एक्स्पेरिमेंटल’ हा शब्दही लावावा लागतो. तो किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत कॉकपिटच्या प्रवेशापाशी असावा लागतो, हे रंगकाम संपल्यावर आठवण्यापेक्षा आधी आठवलेले बरे.

ज्यांच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याची परवानगी, नाही त्यांनी ‘पुढे कधीतरी’ या आशेवर आयएफआर मान्यतेचा महागडा नेव्हिगेटर आज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी त्याच्या मापाची जागा कोऱ्या झाकणाने बंद करावी आणि अँटेनाची केबल तेवढी आताच ओढून ठेवावी, कारण आतील पत्रे रिव्हेट झाल्यावर केबल ओढणे हेच खरे कष्टाचे काम असते.

काय बंद पडेल?

पॅनेलवर दोन स्क्रीन आहेत म्हणजे एक बिघडला तरी चिंता नाही, हा समज फार पसरलेला आहे. दोन्ही स्क्रीन एकाच बसवरून (वीज वाटणाऱ्या जोडपट्टीवरून) वीज घेत असतील, एकाच सेन्सरकडून विमानाची स्थिती विचारत असतील आणि वेग मोजण्यासाठी समोरून हवा घेणाऱ्या एकाच पिटो नळीवर अवलंबून असतील, तर त्या दोन उपकरणांचे भवितव्य एकच असते. पिटोच्या तोंडाशी बर्फ साचला किंवा गांधीलमाशीने घर केले, तर दोन्ही स्क्रीन एकमेकांशी सहमत होऊन चुकीचाच वेग दाखवतील. म्हणून प्रत्येक उपकरणासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: त्याची वीज कोठून येते, माहिती कोठून येते आणि ते गेल्यावर त्याचे काम कोण करील. तिसऱ्या रकान्यात पुन्हा त्याच तारेवरच्या उपकरणाचे नाव आले, तर तेथे रचना बदलावी. स्वतःची बॅटरी असलेले, सव्वातीन इंचांहून थोड्या कमी म्हणजे ३ १/८ इंचांच्या प्रमाणित गोल भोकात बसणारे एखादे लहान इलेक्ट्रॉनिक उपकरण वेगळ्या कंपनीचे घेतले, तर सॉफ्टवेअरमधील एकच दोष दोघांनाही एकदम गाठत नाही.

विजेचा हिशेब आकड्यांत करावा. समजा, अल्टरनेटर बंद पडला आणि आपण एक स्क्रीन, रेडिओ, ट्रान्सपाँडर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन एवढेच चालू ठेवले, आणि हे सारे मिळून ६ अॅम्पिअर घेते. बॅटरी १६ अॅम्पिअर-अवरची असली तरी वय झालेल्या बॅटरीची तीन-चतुर्थांशच क्षमता धरावी. म्हणजे १२ भागिले ६, सुमारे दोन तास. हा आकडा आपल्या टाक्यांतील इंधनाच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर दोन तासांच्या आत उतरायचे हा नियम आपोआप ठरतो आणि तो तपासयादीत लिहावा. ठिणगीची वीज स्वतःच निर्माण करणाऱ्या मॅग्नेटोवर चालणाऱ्या लायकमिंग इंजिनाला विमानाच्या विजेची गरज नसते; परंतु दोन्ही इग्निशन आणि इंधनाचे इंजेक्शनही इलेक्ट्रॉनिक असेल, तर वीज जाणे म्हणजे इंजिन जाणे, आणि मग हा सगळा हिशेब दुसऱ्या बॅटरीपासून पुन्हा मांडावा लागतो.

वीज गेल्यानंतर चालू ठेवायची उपकरणे एका वेगळ्या बसवर घ्यावीत आणि त्या बसला मुख्य रिलेला वळसा घालून थेट बॅटरीकडून वीज देणारा स्वतंत्र स्विच ठेवावा. मग धुराचा वास आला तर मास्टर (मुख्य वीज-स्विच) बंद करायचा आणि हा एक स्विच वर करायचा, एवढेच काम वैमानिकाला उरते; अंधारात आठ स्विच निवडून बंद करणे कागदावर सोपे दिसते. सर्व एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणे) ज्याच्यामागे असतात तो एकच ‘एव्हिऑनिक्स मास्टर’ स्विच मात्र स्वतःच बिघाडाचे एकमेव ठिकाण बनतो, म्हणून तो ठेवायचाच असेल तर त्याला पर्यायी वाट द्यावी.

हात आणि नजर

या बाबतीत एका अपघाताची नोंद प्रत्येक बांधणाऱ्याने वाचावी. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे घरी बांधलेले लाँग-ईझेड विमान कॅलिफोर्नियातील माँटेरे उपसागरात कोसळले. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याची मूठ वैमानिकाच्या पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत या सद्हेतूने ती वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या मागे नेली. मुठीवर खुणा नव्हत्या, आणि ती फिरवण्यासाठी अंग मागे वळवावे लागे. तसे वळताना उजवा पाय उजव्या रडर-पेडलवर रेटला जाई. उड्डाणाआधी मुठीला पक्कड लावून हात पोहोचतो का तेही पाहिले गेले होते. मुठीच्या खटपटीत लक्ष विचलित होऊन नकळत उजवे रडर दाबले गेले, असा निष्कर्ष एनटीएसबीने (अमेरिकेतील अपघात-तपास संस्थेने) काढला आणि मुठीची गैरसोयीची जागा हा हातभार लावणारा घटक नोंदवला. मूठ बांधणाऱ्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध जागी होती. उडवणाऱ्याच्या हाताच्या दृष्टीने मात्र नव्हती.

म्हणून आसन, गादी आणि खांद्याचे पट्टे बसल्यावरच पॅनेल आखावे. पुठ्ठ्यावर पूर्ण मापाचे पॅनेल कापावे, उपकरणांची चित्रे मूळ आकारात छापून टाचणीने लावावीत, पट्टे घट्ट आवळून बसावे आणि डोळे मिटून मास्टर, इंधनपंप, फ्लॅप, थ्रॉटल व इंधनाची मूठ शोधावी. आरव्ही-७ मध्ये उजव्या आसनावरील व्यक्तीचा हात पॅनेलच्या डाव्या कडेपर्यंत पोहोचत नाही, आणि वैमानिकाच्या हातातील नियंत्रण-काठीने खालची स्विचची रांग झाकली जाते. या दोन्ही गोष्टी संगणकावरील आराखड्यात दिसत नाहीत. पुठ्ठा काही आठवडे तसाच ठेवावा. रोज येता-जाता दोन मिनिटे त्यात बसले की मनातील मांडणी आपोआप बदलत जाते.

नजरेसाठी जुनी ‘बेसिक टी’ मांडणी आजही खरी ठरते: मध्ये क्षितिज, डावीकडे वेग, उजवीकडे उंची, खाली दिशा. स्क्रीनवर हीच रचना असते, म्हणून मुख्य स्क्रीन वैमानिकाच्या नाकासमोर ठेवावा. सुबकतेसाठी तो पॅनेलच्या मध्यावर सरकवू नये. राखीव उपकरण त्याच्या शेजारीच असावे, कारण संकटात मान वळवून पाहिल्याने भोवळ येऊ शकते. इशाऱ्याचे दिवे नजरेच्या रेषेजवळ ठेवावेत. पत्र्याला चकचकीत रंग देऊ नये. आणि खरेदीआधी आपला गॉगल घालून तो स्क्रीन आडव्या-उभ्या कोनांतून पाहावा, कारण पोलराइज्ड काचांतून काही स्क्रीन पूर्ण काळे दिसतात.

थ्रॉटल काळा, प्रोपेलर निळा आणि मिक्श्चर (इंधन-हवेचे प्रमाण) लाल, हे प्रचलित रंग सोडू नयेत. स्विच वर म्हणजे चालू हेही सर्वत्र एकच ठेवावे. फ्लॅपचा स्विच पंखाच्या पट्टीसारख्या आकाराचा असेल, तर तो न पाहताही ओळखता येतो.

पॅनेलच्या मागे

आरव्ही-७ च्या छताचे दोन प्रकार आहेत. पुढच्या कडेला बिजागरी असलेले, वर उचलले जाणारे छत निवडले, तर ते उघडताच पॅनेलमागील भाग वरून दिसतो आणि हाताला येतो; मात्र पावसाचे पाणीही तेथूनच एव्हिऑनिक्सवर टपकू शकते. मागे सरकणारे छत घेतले, तर पुढचा पत्रा कायमचा रिव्हेट होतो आणि दुरुस्तीसाठी पाठीवर झोपून, पेडलांखाली डोके घालून, विजेरी दातांत धरून काम करावे लागते. त्यामुळे सरकत्या छताच्या विमानात पॅनेल दोन-तीन स्वतंत्र तुकड्यांचे करावे आणि प्रत्येक तुकडा चार-सहा स्क्रूंनी पुढे काढता येईल एवढी वायर मागे सैल ठेवावी. रेडिओचे खोल ट्रे मागील सबपॅनेलला आणि नळ्यांना अडणार नाहीत, हेही याच टप्प्यावर पट्टीने मोजावे. कनेक्टर आणि वळणाऱ्या वायरींसाठी ट्रेच्या मागे आणखी काही इंच लागतात.

ब्रेकर किंवा फ्यूज उपकरणाचे नव्हे, तर वायरीचे रक्षण करतो. २२ गेजची वायर ५ अॅम्पिअरच्या, २० गेजची ७ च्या आणि १८ गेजची १० अॅम्पिअरच्या ब्रेकरमागे, हा पायंडा सोयीचा आहे. वायरीचे आवरण टेफझेल या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे असावे. सर्व उपकरणांची ग्राउंड वायर फायरवॉलजवळ (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधील भिंतीजवळ) एकाच ठिकाणी आणली, तर हेडफोनमधील अल्टरनेटरची शीळ बहुतेक वेळा उद्भवतच नाही. ऑडिओच्या वायरीचे शील्ड मात्र एकाच टोकाला जोडावे. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावावा आणि बदल होईल त्या दिवशीच आराखड्यात नोंदवावा. कंपास आणि इलेक्ट्रॉनिक मॅग्नेटोमीटर यांच्याजवळ लोखंडी स्क्रू आणि जास्त प्रवाहाच्या वायरी ठेवू नयेत. कंपासचे विचलन इंजिन, रेडिओ आणि दिवे चालू ठेवून तपासावे.

पत्रा कापताना पॅनेल आधी विमानातून काढून घ्यावे. धातूचा एकही कण वायरींत उडता कामा नये.

मापे जुळवणे

इंधनमापक टाकी रिकामी असतानाच जुळवावे. आरव्ही-७ शेपटीवर टेकून उभे असेल, तर शेपटी उचलून विमान उड्डाणाच्या पातळीत आणावे, दोन-दोन गॅलन मोजून ओतावे आणि दर वेळी स्क्रीनवरील आकडा लिहावा. प्रत्येक टाकीत २१ गॅलन मावते. परंतु पंख बाहेरच्या टोकाकडे वर चढत जात असल्याने आतल्या कडेचा तरंगता फ्लोट टाकी काठोकाठ भरण्याच्या बऱ्याच आधी वर टेकतो, आणि तेथून पुढे मापक ‘भरलेली’ एवढेच सांगते. ही मर्यादा मापकाजवळ लिहून ठेवावी.

वेगमापकावरील रंगही घाईने पक्के करू नयेत. कमाल वेगाची लाल रेषा आराखडाकाराने दिलेल्या मर्यादेवर असते, पण स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) आपल्या विमानावर मोजावा लागतो. पहिल्या टप्प्यातील चाचणी-उड्डाणे पूर्वापार ४० तासांची, आणि इंजिन व प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५ तासांची धरली जातात. त्या काळात एकाच उंचीवर एकच दर्शनी वेग राखून वेगवेगळ्या दिशांना उडावे, जीपीएसवरील वेग नोंदवून वाऱ्याचा परिणाम वजा करावा आणि स्टॅटिक पोर्टची (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्राची) चूक किती आहे ते काढावे. तोवर वेगमापकावरील वेगाच्या मर्यादा दाखवणाऱ्या हिरव्या आणि पांढऱ्या कमानी काढता येणाऱ्या पट्टीच्या असाव्यात किंवा स्क्रीनच्या सेटिंगमध्ये ‘तात्पुरत्या’ म्हणून नोंदवाव्यात. चाचण्यांचे आकडे लॉगबुकात चढल्यावर त्या कायम कराव्यात.