डोक्याला मार लागल्यावर पुन्हा व्यायाम: या चुका टाळा

गोव्यात फोंड्याला फिजिओथेरपी करते. पावसाळा लागला की दुचाकीवरून घसरून पडलेली माणसं येऊ लागतात, आणि सगळ्यांचं पालुपद एकच: ‘सीटी स्कॅन नॉर्मल आहे, मग जिमला कधीपासून जाऊ?’ सीटी स्कॅन एवढंच सांगतो की आत रक्तस्राव नाही, हाड मोडलेलं नाही. मेंदूला बसलेला हादरा त्यात बहुधा दिसतच नाही.

याच्या अगदी उलट, काही घरांत पेशंटला महिनाभर अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवतात. मार हलका असेल तर पहिले 24 ते 48 तास आराम आणि मोबाइल कमी. मग डॉक्टरांना विचारून सावकाश चालायला लागायचं. खेळात डोक्याला बसणाऱ्या मारावर 2022 साली ॲम्स्टरडॅमला भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हेच सांगितलं.

पण मला सर्वांत जास्त छळणारी चूक म्हणजे बऱ्या दिवसाचा हावरेपणा. कुर्टीचा एक फुटबॉल खेळणारा मुलगा घराजवळच्या सपाट रस्त्यावर छान चालत होता. एका रविवारी बरं वाटलं म्हणून मित्रांबरोबर मिरामारच्या किनाऱ्यावर गेला आणि ऊन चढेपर्यंत वाळूत धावला. त्या दिवशी काहीच झालं नाही. सोमवारी डोकं ठणकू लागलं, मळमळ सुरू झाली, टीव्हीचा आवाजही सोसेना. आईने रडतच फोन केला. डॉक्टरांच्या तपासणीत नवीन काही निघालं नाही, पण चालणं पुन्हा पाच मिनिटांवर आलं. थोडं सावरल्यावर पठ्ठ्याने जिममध्ये तोच प्रकार केला!

मार लागलेल्या मेंदूचा रक्तपुरवठा आणि हृदयाची गती यांचा मेळ काही काळ बिघडलेला असतो. जास्तीच्या श्रमाचा त्रास पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमटतो. त्यात वाळूत पाय रुततो, तोल सांभाळायला मेंदूला दुप्पट काम पडतं, आणि आपल्या दमट हवेत घाम सुकत नसल्याने अंग तापतच राहतं.

म्हणून माझ्या पेशंटकडे वही असतेच. व्यायामाआधी डोकेदुखी 0 ते 10 मध्ये किती, नंतर किती. आधीपेक्षा दोन अंकांपर्यंत वाढून तासाभरात उतरली तर चालेल. त्याहून चढली की तिथेच थांबायचं. घड्याळ लावून जायचं आणि ‘अजून जमेल’ वाटत असतानाच परतायचं. वेळ किंवा वेग, एका वेळी एकच वाढवायचं आणि मग निदान 24 तास थांबायचं. घाई करणाऱ्यांना हे रटाळ वाटतं. वाटू दे.

श्वास रोखून वजन उचलू नका, डोक्यातला दाब वाढतो. बीटा ब्लॉकरची, म्हणजे हृदयाची गती कमी करणारी, गोळी चालू असेल तर मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीवर विसंबू नका. कूस बदलताना घर फिरत असेल तर टॉनिक पिऊ नका, तोल सांभाळणारा आतला कान तपासून घ्या. फिट येऊन गेली असेल तर समुद्रात किंवा तळीत एकट्याने उतरू नका. कवटीचं हाड काढून ठेवलेलं असेल तर वरचं काहीच तुमच्यासाठी नाही, शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच विचारा.

फुटबॉलवाल्यांनो, ‘नुसता गोलात उभा राहतो’ हेसुद्धा नको. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर, क्वचित का होईना, मेंदूला जीवघेणी सूज येते, आणि ती बहुतेक कोवळ्या पोरांनाच.

डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या थांबेनात, गुंगी आली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळा पडला तर माझ्याकडे येऊ नका. 108 लावा.