आयआर शिकायचंय? आधी करार वाचायला घ्या

इंटरनॅशनल रिलेशन्सला (आयआर) ॲडमिशन घेऊ का असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात फॉरेन सर्व्हिस (आयएफएस) असते. पण आयएफएसची वाट यूपीएससीतून जाते आणि तिथे कुठल्याही शाखेची डिग्री चालते, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी आयआर घेऊ नका, विषय मनापासून आवडत असेल तर जरूर या.

मी दिल्लीत एमए केलं. सुरुवातीला रिअलिझम, लिबरलिझम वगैरे थिअरी असते, ती लागतेच, पण मला विषय खरा कळायला लागला तो सिंधू पाणी करार अख्खा वाचला तेव्हा. 1960 चा करार, वर्ल्ड बँकेच्या मध्यस्थीने झालेला. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून वाटतं पाणी अडवायचं की सोडायचं एवढाच प्रश्न आहे, पण कलमं वाचत गेलं की दिसतं, रावी, बियास, सतलज आपल्याकडे, सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानकडे, पण त्या तिन्हींवरसुद्धा आपल्याला वीज प्रकल्प बांधता येतात, फक्त डिझाइन कसं हवं, पाणी किती साठवायचं यावर अटी आहेत आणि बरेचसे वाद याच अटींवरून झालेत. बगलिहार वीज प्रकल्पाचा वाद न्यूट्रल एक्स्पर्टकडे, म्हणजे तटस्थ तज्ज्ञाकडे गेला, 2007 मध्ये निकाल लागला, किशनगंगा प्रकल्पाचा गेला कोर्ट ऑफ आर्बिट्रेशनकडे, म्हणजे लवादाकडे. एप्रिल 2025 मध्ये भारताने करार स्थगित केला त्यावर बोलायचं तर बारावं कलम आधी वाचायला हवं, कारण दोन्ही देशांनी तसा नवीन करार केल्याशिवाय हा करार संपत नाही असं त्यात लिहिलंय. म्हणून म्हणते, मत नंतर बनवा, कागद आधी वाचा.

दुसरं म्हणजे एक प्रदेश धरा आणि तिथली भाषा शिका, फारसी, चिनी, अरबी, रशियन काहीही. पुण्यात असाल तर रानडे इन्स्टिट्यूटला आत्ताच चौकशी करा, एमए संपल्यावर नाही. "सगळं जग" हा कुणाचाच अभ्यासविषय नसतो.

जेएनयूत एमएसाठी सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकऱ्या थिंक टँक (धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्था), पत्रकारिता, एनजीओ, कंपन्यांचे पॉलिसी विभाग अशा ठिकाणी असतात, पण सुरुवातीचा रिसर्च असिस्टंटचा पगार दिल्लीच्या भाड्यापुढे तुटपुंजा वाटतो हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि अर्जासोबत बरेचदा स्वतः लिहिलेलं काहीतरी मागतात, तेव्हा पहिल्या वर्षापासूनच महिन्याला एखाद्या करारावर दोन पानं लिहायला लागा.