गोव्याच्या ओपिनियन पोलवर भांडायचं असेल तर असं भांडा

गोवा महाराष्ट्रात जावा की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला लोकांचा कौल घेतला, तोच ओपिनियन पोल, आणि ती तारीख जवळ आली की दरवर्षी हे सुरू होतं. एक जण म्हणतो गोंयची अस्मिताय वाचली, दुसरा म्हणतो मराठी माणसाचा घात झाला, मग कुणीतरी कुणाची जात काढतो, कुणी धर्म काढतो, आणि मूळ विषय राहतो बाजूला. मी फोंड्याकडचा, आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचन मराठी, आणि १९६७ ला घरातल्याच मोठ्या माणसांनी वेगवेगळी मतं दिलेली. त्यामुळे भांडू नका असं मी अजिबात सांगणार नाही, भांडाच, विषय तेवढा मोठा आहे. फक्त भांडायच्या आधी थोडी तयारी करा.

पहिलं म्हणजे लोकांना नेमकं विचारलं काय होतं ते पक्कं करून घ्या, कारण निम्मी भांडणं इथेच चुकतात. प्रश्न एवढाच होता की गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश (म्हणजे केंद्रशासित प्रदेश) म्हणून ठेवायचा (दमण आणि दीवला हाच प्रश्न गुजरातच्या बाबतीत). फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. बस. वेगळं राज्य हवं का हे विचारलंच नव्हतं, कोंकणी ही भाषा की बोली हे पण नव्हतं, मराठी हवी की नको हे तर नव्हतंच नव्हतं. म्हणून कुणी म्हणाला की "लोकांनी तेव्हाच मराठी नाकारली" तर तिथेच थांबवा, आणि कुणी म्हणाला की "त्या दिवशी आपल्याला राज्य मिळालं" तर त्यालाही थांबवा, राज्य मिळालं ३० मे १९८७ ला, म्हणजे वीस वर्षांनी.

मग आकडे. संघप्रदेशाला १,७२,१९१, विलीनीकरणाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. यातला एक आकडा सांगितलात तर दुसरा पण सांगा, हा नियम स्वतःला लावून घ्या. एकमुखाने नाकारलं म्हणणं खोटं, कारण दुसऱ्या बाजूला जवळपास एक लाख चाळीस हजार माणसं उभी होती. आणि थोडक्यात निसटलं म्हणणं पण खोटं, तेवढ्याशा गोव्यात चौतीस हजारांचा फरक लहान नव्हे.

आता सगळ्यात वाईट वळण, "ख्रिश्चनांनी विलीनीकरण पाडलं". याला रागावून उत्तर देऊ नका, हिशोब मांडा. गोव्यात कॅथलिक तेव्हाही निम्म्याहून बरेच कमी होते, मग हिंदूंची भरपूर मतं पडल्याशिवाय दोन पानं जिंकली कशी? आणि राष्ट्रमत आठवून द्या. मडगावचं मराठी दैनिक, मराठीतूनच विलीनीकरणाच्या विरोधात रान उठवलेलं, उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' सदर लिहायचे. म्हणजे मराठी वाचणारा माणूस विलीनीकरणाच्या विरोधात असू शकतो, होता, आणि तो मराठीचा शत्रू नव्हता. माझ्या मते या सगळ्या वादात ही एक गोष्ट जरी समोरच्याला पटली तरी पुष्कळ झालं.

पण याच्या उलट चूक आमच्याकडचे लोक करतात ती पण तेवढीच वाईट, फुलाला मत देणारा तो महाराष्ट्राचा हस्तक. अरे, तो कोण होता ते तरी बघा ना. कूळ होता, मुंडकार होता, भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जमिनीत घर, भाटकार म्हणेल तेव्हा हजर. त्याला वाटलं मोठ्या राज्यात गेलो तर ही पकड सुटेल, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हा त्याचा माणूस होता, त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष त्याचा पक्ष होता आणि १९६३ ची पहिली निवडणूक त्याने जिंकून दिली होती. आणि दोन पानांवाल्याची भीती पण खरी होती, महाराष्ट्रातून डेप्युटेशनवर येणारे अधिकारी, तिकडची दारूबंदी इथे आली तर रेंदेराने (माडाची सूर काढणाऱ्याने) खायचं काय, आणि मुंबईपासून लांबचा एक जिल्हा होऊन बसलो तर आमचं ऐकणार कोण. तेव्हा वाद घालण्याआधी समोरच्याला एकच विचारा, तुमच्या घराखालची जमीन तेव्हा कुणाची होती? उत्तर ऐकून घ्या, मग बोला.

विलीनीकरणवाद्यांचा एक मुद्दा मात्र टाळू नका, तो वजनदार आहे. ते म्हणतात निवडणूक आम्ही जिंकली, १९६५ ला विधानसभेने विलीनीकरणाचा ठराव पण केला, मग परत विचारायचं कशाला? माझं उत्तर असं की निवडणुकीत माणूस दहा गोष्टींसाठी मत देतो, आणि आपला प्रदेश ठेवायचा की नाही हे एवढं मोठं की ते वेगळंच विचारायला हवं, त्यासाठी संसदेने १९६६ ला स्वतंत्र कायदा केला, आणि कौल निष्पक्ष व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवटीत मतदान झालं. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित, चालेल. दुसऱ्या बाजूची पण तक्रार होतीच, मुंबईत आणि बाहेर राहणाऱ्या गोंयकारांना मत मिळावं ही विलीनीकरणाच्या विरोधातले नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांची मागणी मान्य झाली नाही.

नंतर काय झालं हे सांगताना घाई करू नका. मार्च १९६७ मध्ये, म्हणजे दोनच महिन्यांनी, त्याच मतदारांनी मगोलाच परत सत्तेवर बसवलं! भाऊसाहेब १९७३ ला जाईपर्यंत मुख्यमंत्री, त्यांच्यानंतर त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर १९७९ पर्यंत. म्हणजे विलीनीकरण नको पण भाऊसाहेब हवेत असं म्हणणारे लोक होते, आणि यात विसंगत काही नाही. पण कौलाने न विचारलेला भाषेचा प्रश्न तसाच पेटत राहिला, तो १९८६ च्या डिसेंबरात रस्त्यावर आला आणि माणसं मेली. ४ फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामात वापराची मुभा राहिली, आणि रोमीवाले, म्हणजे रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे, बाहेर राहिले, त्यांचं दुखणं आजही आहे. या भागावर बोलताना आवाज खाली ठेवा, समोरच्याच्या घरातलं कुणी त्यात सापडलेलं असू शकतं.

महाराष्ट्रातल्या मंडळींना एक वेगळी विनंती. "तुम्ही तर आमचेच" हे तुम्ही प्रेमाने म्हणता हे मला कळतं, पण ज्याने मत देऊन वेगळं राहायचं ठरवलं त्याला ते टोचतं. आणि बेळगावचा विचार करा, तिथे आपण काय म्हणतो? की लोकांची इच्छा बघा, लोकांना विचारा. गोव्यात लोकांना विचारलं गेलं. मग एका ठिकाणी लोकेच्छा मोठी आणि दुसऱ्या ठिकाणी घात, असं कसं चालेल? बेळगावची आपली बाजू मजबूत ठेवायची असेल तर गोव्याचा निकाल मोकळेपणाने मानायलाच हवा. आणि गोंयकारांनो, पेडणे डिचोलीतल्या मराठी शिकलेल्या माणसाला घाटी नाहीतर भायलो (बाहेरचा) म्हणू नका, त्याच्या पिढ्या इथेच गेल्यात.

शेवटचं काम तेवढं याच वर्षी करा, पुढच्या वर्षावर टाकू नका. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, म्हणजे ज्यांनी मत दिलं ते सगळे आता ऐंशीच्या आसपास नाहीतर पुढे. घरातल्या, वाड्यावरच्या अशा आजी-आजोबांकडे जाऊन बसा, विचारून फोनवर रेकॉर्ड करा. मत कुणाला दिलंत हे सुरुवातीला विचारू नका, आधी विचारा की घरात तेव्हा कोण काय काम करायचं, प्रचाराला दारात कोण आलं होतं, पेपर कुठला यायचा, शेजारी कुणाशी अबोला झाला का. पुष्कळदा मताचं ते आपणहून सांगतात. आणि नाही सांगितलं तर खोदून विचारू नका, मतदान गुप्त होतं.